द्वारा दौलत घाडी

"विनू, दारात ॲम्ब्युलन्स इली हा," आई फोनवर म्हणाली. "आपण तर कोणी बोलावूक नाय. तू बोलवलंस काय?"

गुरुवारची सकाळ, पावणेअकरा. मी लोअर परळच्या ऑफिसात सातव्या मजल्यावर होतो आणि आई लालबागला, चाळीतल्या आमच्या खोलीत. तिच्या आवाजात काळजी नव्हती, गंमतच जास्त होती. पाठीमागून तळमजल्यावरच्या अण्णांचा आवाज येत होता. चाळीत कोण आलं नि कोण गेलं याची चौकशी अण्णा गेली चाळीस वर्षं बिनपगारी करतात. ललिता नावाची बाई या चाळीत नाही, कधी नव्हती, असं ते ड्रायव्हरला ठासून सांगत होते आणि तो म्हणत होता, काका, मोबाइल हीच जागा दाखवतोय, हा बघा ठिपका. "बिचारो घामान भिजलो हा," आई म्हणाली, "पाणी दिलंय त्येका. ललिता कोण रे?" मी म्हटलं, मला काय माहीत. आणि हे म्हणता म्हणताच माझी बोटं गार पडायला लागली. डोक्यात अजून काहीच शिरलं नव्हतं. बोटांना मात्र कळलं होतं, कारण ते काम त्यांनीच केलं होतं.

मी मुळातला भित्रा माणूस. शाळेत हजेरी घेताना स्वतःचं नाव आलं तरी दचकायचो. भित्र्या माणसाला एक खोड असते, कुठेही काही बिघडलं की आधी तो आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चालतो. दहातल्या नऊ वेळा ते खोटं निघतं, म्हणून तो जगू शकतो. त्या सकाळी मी खुर्चीत बसलो, फोन उलटा करून ठेवला आणि स्वतःला सांगितलं की हीही त्या नवातलीच एक वेळ असेल, ड्रायव्हर चुकला असेल, मुंबईत रोज शंभर गाड्या चुकतात. पण ती नेमकी आमच्याच दारात चुकली होती. आमची कंपनी एका धर्मादाय संस्थेसाठी ॲम्ब्युलन्सचं ॲप करते. संस्थेच्या अकरा गाड्या आहेत. रुग्णाच्या घरचं माणूस ॲपमध्ये पत्ता लिहितं. माझा प्रोग्रॅम तो पत्ता नकाशाच्या एका वेब सर्व्हिसला विचारतो, की ही जागा नेमकी कुठे. सर्व्हिस अक्षांश-रेखांश असे दोन आकडे देते आणि ते ड्रायव्हरच्या मोबाइलवर ठिपका होऊन उमटतात. या सर्व्हिसशी थेट बोलायचं म्हणजे तिचे सतराशे साठ नियम पाळायचे, दर वेळी आपली ओळख पटवायची, तिने दिलेलं भलंमोठं उत्तर सोलून आतला गर काढायचा. म्हणून सर्व्हिसवाल्यांनीच एक तयार लायब्ररी दिलेली असते. आपण लायब्ररीला एका ओळीत सांगायचं, हा पत्ता, आणि ती आत जाऊन विचारून येते. कचेरीत आपल्या ओळखीचा शिपाई असावा, तशी. आत किती खिडक्या फिरावं लागलं हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. लायब्ररी उत्तर म्हणून एक यादी आणते, या पत्त्याशी जुळणाऱ्या जागांची. कधी यादीत एक जागा असते, कधी चार. आणि काहीच सापडलं नाही, तर ती आरडाओरडा करत नाही. रिकामी यादी आणून समोर ठेवते, तितक्याच अदबीने.

तीन महिन्यांपूर्वी संस्थेच्या लोकांना ॲप दाखवायचं होतं. ते यायला वीस मिनिटं उरली असताना एका पत्त्याला रिकामी यादी आली, मी तिच्यातली पहिली जागा मागितली आणि सगळा प्रोग्रॅम कोसळला. दुरुस्त करायला वेळ नव्हता. मी दोन ओळी घुसडल्या. यादी रिकामी असेल तर ही जागा धर. कुठली तरी जागा द्यायलाच हवी होती, मी मोबाइलमधून आमच्या चाळीचे आकडे उचलले आणि चिकटवले. बाजूला स्वतःसाठी लिहून ठेवलं, 'नंतर काढणे'. दर्शना, आमची टीम लीड, हिने तेव्हा माझ्या खांद्यावरून बघितलं होतं. "हे कुठलं लोकेशन?" "टेस्टिंगचं आहे, काढतो." "नक्की काढशील ना, विनीत?" "हो गं." ती शांत बाई आहे, एकदा विचारते, दुसऱ्यांदा विचारत नाही. नंतर नवीन कामं आली, गणपती आले, मी सुट्टीवर गेलो. शिवाय गेल्या आठवड्यापर्यंत संस्थेच्या परळच्या कंट्रोल रूममधली सीमा प्रत्येक पत्ता फोन करून विचारून घेत असे आणि मगच गाडी सोडत असे. या सोमवारपासून तो फोन बंद झाला. वेळ वाचावा म्हणून. ठिपका आता सरळ ड्रायव्हरकडे जात होता.

मी लॉग उघडला. प्रत्येक गाडीची नोंद तिथे पडते, सगळ्यात ताजी सगळ्यात वर. ललिता, वय ४८, चक्कर आणि घाम, शुद्ध हरपतेय. पत्ता लिहिला होता, 'फणसवाडी, पाण्याच्या टाकीसमोरची चाळ, मागचा जिना, तिसरा मजला, नळाच्या बाजूला'. गिरगावातलं कुठलंही माणूस हा पत्ता वाचून डोळे मिटून गेलं असतं. पण हा पत्ता माणसाला सांगितलेला होता. सर्व्हिसला टाकी कळत नाही, मागचा जिना कळत नाही. लायब्ररी आत गेली, रिकाम्या हाताने परत आली, आणि माझ्या दोन ओळींनी फणसवाडीची गाडी उचलून लालबागला माझ्या आईच्या दारात आणून उभी केली. ललिता नावाची बाई फणसवाडीत जमिनीवर पडली होती, आणि तिच्यासाठी निघालेला माणूस आमच्या माठातलं पाणी पीत होता.

सीमाला फोन लावताना दोनदा चुकीच्या नावावर बोट पडलं. "अगं, ती फणसवाडीची केस आहे ना, तिचं लोकेशन चुकीचं गेलंय. तू पेशंटच्या घरी फोन कर आणि गाडी फिरव. गिरगावाजवळ दुसरी असेल तर ती सोड." "अरे बापरे. चुकीचं कसं गेलं?" इथे मी एक श्वास घेतला. खरं सांगायला तेवढाच वेळ असतो, एका श्वासाचा. मी म्हटलं, "नेटवर्कचं काहीतरी असेल. मी बघतोय." "बघ रे बाबा, जरा लवकर बघ," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. खोटं बोलायला मला कष्ट पडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आमचं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या जागेवर आहे. नवीन आलेले लोक विचारतात, तुझे वडील इथेच होते का, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मी कधीकधी हो म्हणतो. बाबा दुसऱ्या गिरणीत होते, तिथे आता नुसती पत्र्यांची कुंपणं आहेत. पण असलं खोटं कुणाच्या जिवावर बेतत नाही. मी दोन ओळी काढून टाकल्या. त्यांच्या जागी लिहिलं की यादी रिकामी आली तर गाडी सोडू नको, सीमाच्या पडद्यावर लाल खूण दाखव, ती फोन करेल. हे लिहायला चार मिनिटं लागली. तीन महिन्यांत मला चार मिनिटं मिळाली नव्हती. बदल कसला केला हे लिहायची एक चौकट असते, तिच्यात मी 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं. ओळी पुसल्या तरी इतिहास पुसता येत नाही, कुठली ओळ कुणी कधी लिहिली हे तिथे कायमचं राहतं, त्या दोन ओळींपुढे माझंच नाव राहणार होतं. "आत्ता काय टाकलंस?" दर्शनाने समोरून मान वर न करता विचारलं. "काही नाही, किरकोळ." तिने बरं म्हटलं आणि ती पुन्हा तिच्या कामाला लागली. मला वाटलं होतं हिने आता तरी दुसऱ्यांदा विचारावं.

मग वाट बघण्याशिवाय काही उरलं नाही. लॉगमधली बाकीची पानं खाली सरकवून बघायला मी धजलो नाही, ललिताच्या नावावर पडदा थांबवून ठेवला आणि बघत राहिलो. राहून राहून एकच विचार येत होता, की त्या वेळी माझ्या बोटांनी आमचंच घर का उचललं. शहराचा मध्य घेता आला असता, संस्थेचं ऑफिस घेता आलं असतं, नुसती दोन शून्यं टाकता आली असती, मग गाडी समुद्रात दिसली असती आणि कुणीतरी लगेच ओरडलं असतं. पण मी दौलत घाडीचा मुलगा. आमच्या खोलीला ही जुनी सवय. एके काळी गावचे अकरा जण तिथे पाळीपाळीने झोपायचे. मी जन्मलो तोवर ते पांगले होते, कुणी काळाचौकीला, कुणी पार नालासोपाऱ्याला, पण पत्ता त्यांनी कधी बदलला नाही. रेशनकार्ड, नोकरीची बोलावणी, बँकेची पत्रं, एखाद्याची कोर्टाची नोटीस, सगळ्यांवर एकच ओळ असायची, 'द्वारा दौलत घाडी'. पोस्टमन खालूनच हाक मारायचा. बाबा पत्रं बिस्किटाच्या डब्यात ठेवत आणि रविवारी ज्याची त्याला देत. ज्याला मुंबईत पत्ता नाही त्याचा पत्ता म्हणजे आमची खोली, हे घरात कुणी ठरवलेलं नव्हतं, हवेसारखं ते नाकातोंडातून आत गेलेलं होतं. मी नऊ वर्षांचा असताना गौतमकाकांच्या नावाने तार आली. गावी त्यांची आई अत्यवस्थ होती. गौतमकाकांनी मधल्या काळात राहायची जागा बदलली होती आणि नवी कुठे हे सांगितलं नव्हतं. बाबा तीन दिवस पाळी संपली की परळ, शिवडी, काळाचौकी पालथी घालत होते, हातात ती तार घेऊन. रात्री जेवायला बसले की घास तोंडाशी नेऊन थांबायचे. मला तेव्हा बाबांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटायची. चौथ्या दिवशी गौतमकाका सापडले. ते पिशवी भरून निघाले, आणि पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबा आईला म्हणाले, "पत्तो आपलो दिलो, तर माणूसय आपणाकच गावूक व्हयो." गावूक म्हणजे सापडायला. आई म्हणाली, "तुमचो काय दोष?" बाबा पुढे बारा वर्षं जगले, पण त्या दिवसापासून डब्यात एकही पत्र रविवारपर्यंत राहिलं नाही. पत्र आलं की त्याच संध्याकाळी स्वतः नेऊन द्यायचे.

बारा वाजायच्या सुमाराला सीमाचा फोन आला. मी पहिल्याच घंटेला उचलला. "मिळाल्या रे बाई," ती म्हणाली. "गिरगावची दुसरी गाडी सोडली. शुगर एकदम खाली गेलेली. गाडीतच सलाईन लावलं, आता बोलतायत. नवरा जाम तापला होता, हेरंब की काय नाव. मी म्हटलं, अहो नेटवर्क. मग गप झाला." जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी सीमाला तीनदा थँक यू म्हटलं. ती हसली, "मला कशाला, ड्रायव्हरला म्हण." मग मी खाली जाऊन वडापाव घेतला. भूक अशी लागली होती की चार दिवसांचा उपाशी असावा. खाताना मी स्वतःला पटवत होतो की आता हे कुणाला सांगायचं काही कारण नाही. बाई वाचली. ओळी निघाल्या. हेरंबचा राग दोन दिवसांत उतरेल. दर्शनाला सांगितलं तर उगाच तिला वर सांगावं लागेल, वरचे संस्थेला सांगतील, संस्था घाबरेल, आणि ज्यातून कुणाचं भलं होणार नाही ते सांगून करायचं काय. भित्रा माणूस युक्तिवादात हुशार असतो. मी आईला फोन लावला, तिला सांगावं की सगळं नीट झालं म्हणून.

"गाडी ती तेव्हाच गेली," आई म्हणाली. "पण विनू, ही आता सारखी येतली काय? मंगळवारीपण इली होती."

मी हातातला पाव खाली ठेवला. "मंगळवारी कधी?"

"साडेअकरा झाले असतीत. मी नळार होतंय. कोण गंगुबाई म्हणून विचारीत होते. अण्णांनी परत धाडल्यान."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आता ह्या काय सांगूचा? चाळीत शंभर माणसा. असात कोणाची तरी, म्हटलां."

जिन्याने वर आलो. लिफ्टमध्ये माणसं होती आणि मला माणसांत उभं राहवलं नसतं. सात मजले चढताना मी मोजत होतो की सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चारच दिवस, आणि इतका वेळ मी फक्त आजचं पान उघडं ठेवून बसलो होतो. आता खाली सरकवलं. सोमवारी काही नव्हतं, बुधवारी काही नव्हतं. मंगळवार, अकरा वाजून अठरा मिनिटं. गंगुबाई, वय ७१, श्वास लागलाय. पत्ता, 'हिंदमाताच्या मागे, पिठाच्या चक्कीशेजारची बैठी घरं, निळा दरवाजा, बाहेर तुळस'. फोन शामराव, नातं पती. यादी रिकामी. गाडी पोहोचली, अकरा एकतीस. रुग्ण आढळला नाही, अकरा छप्पन्न. फेरी बंद. त्यानंतर काही नाही. ड्रायव्हरला रुग्णाचा नंबर दिसत नाही; त्याने रुग्ण आढळला नाही असं बटण दाबलं की फेरी आपोआप बंद होते आणि लोक विसरून जातात. तसं करायचं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, बैठकीत, बिस्किटं खात. हिंदमाता आमच्या चाळीपासून गाडीने दहा मिनिटांवरही नाही.

मी मोबाइल घेऊन पुन्हा जिन्यात गेलो, सातव्या नि सहाव्या मजल्यामधल्या पायऱ्यांवर बसलो आणि नंबर लावला. घंटा वाजत होती आणि मी मनातल्या मनात विनवत होतो की उचलू नका. नसता उचलला तर मी पुन्हा लावला असता का, याचं उत्तर मला माहीत आहे आणि मला त्याची लाज वाटते. पाचव्या घंटेला फोन उचलला गेला.

"कोण?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"काका, ॲम्ब्युलन्सच्या ॲपकडून बोलतोय. मंगळवारी तुम्ही गाडी मागवली होती."

"हां, हां. बोला की."

"आजी... कशा आहेत?"

"ती गेली हो. मंगळवारीच, दुपारी," शामराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी तीन दिवसांत पुष्कळ जणांना सांगितलं असणार, ते घासून गुळगुळीत झालं होतं. "आज तिसरा दिवस ना. आत्ताच सावडून आलोय." मी काहीच बोललो नाही. त्यांना वाटलं आवाज येत नाही, म्हणून ते जरा मोठ्याने बोलायला लागले. "तुमची गाडी नाही आली. पण मोबाइल सांगत होता, आली म्हणून. ॲम्ब्युलन्स तुमच्या दारात आहे, असं लिहून आलेलं. मी तीनदा दार उघडून बघितलं. ती आतून विचारायची, आली का हो? मी म्हणायचो, आली, आली. शेवटी शेजारच्यांनी टॅक्सी आणली. पण तोवर उशीर झाला होता."

तो संदेशही माझाच होता. त्यात स्वल्पविराम द्यावा की नाही यावर दर्शनाशी माझा पाच मिनिटं वाद झाला होता. पायऱ्यांचा थंडपणा मांड्यांतून वर चढत होता आणि मला एकदम उठून पळत सुटावंसं वाटलं, लहान मूल अंधारातून पळतं तसं.

"तुम्हाला दोष नाही देत हं मी," शामराव म्हणाले. "आमचा पत्ताच तसला. नंबर नाही, पाटी नाही. मुलगी बोरिवलीला असते, ती सारखी सांगायची, बाबा, नीट लिहायला शिका. त्या दिवशी हात कापत होता, माझ्याच हातून काहीतरी राहिलं असणार लिहायचं. तीन दिवस तेच डोक्यात आहे. झोप नाही. तुमच्याकडे असेल ना तो, मी लिहिलेला? जरा बघून सांगाल, काय राहिलं होतं?"

पत्ता माझ्या डोळ्यांसमोर होता. चक्की होती, निळा दरवाजा होता. श्वास लागलेल्या बायकोजवळ बसून त्यांनी तुळससुद्धा लिहिली होती. मी म्हणू शकलो असतो, हो काका, घर नंबर राहिला होता. म्हणू शकलो असतो, नेटवर्क. त्यांनी ते मानलं असतं, माझे आभारही मानले असते, आणि मग उरलेलं आयुष्य त्या कापऱ्या हाताबद्दल स्वतःला खात बसले असते. कुणाला काही कळलं नसतं. नेटवर्क हा शब्द ओठांवर येऊन उभा होता. पलीकडे कुणीतरी बाई त्यांना म्हणाली, बाबा, चहा घ्या, गार होतोय. ते तिला म्हणाले, थांब गं, आईच्या गाडीचं बोलतोय.

"काही राहिलं नव्हतं, काका," मी म्हणालो. "पत्ता बरोबर होता."

"बरोबर होता?"

"हो. अगदी बरोबर."

मी फोन ठेवला नाही.

"मग गाडी गेली कुठे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरी," मी म्हणालो.